जुन्या ट्रकचे शॉकअप आणि बुश बदलताना आधी काय तपासावे आणि काम कोणत्या क्रमाने करावे?

जुनेचाक:

नमस्कार. माझ्याकडे एक जुना हलका ट्रक आहे. पुढे वरचा आणि खालचा असे दोन आर्म व त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग, आणि मागे एकसंध अ‍ॅक्सल व पाटे (पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगा), अशी त्याची रचना आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची देखभाल वेळच्या वेळी होत आली आहे. मात्र चेसीखालचे रबराचे बहुतेक भाग गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचेच आहेत.

अलीकडे त्याची चाल बिघडत चालली आहे. खड्ड्यातून गेल्यावर मागचा भाग एकदा हलून थांबण्याऐवजी डोलत राहतो. ब्रेक दाबल्यावर तोंड झपकन खाली जाते आणि गाडी किंचित डावीकडे ओढते. थांबलेल्या स्थितीतून निघताना मागच्या बाजूने एक ठोका ऐकू येतो. पुढच्या टायरांवरून हात फिरवला तर जागोजाग उंचवटे आणि खळगे लागतात. चारही शॉकअप बदलण्याचे मी ठरवले आहे, पण त्याच वेळी बुशही (धातूच्या जोडांमध्ये बसवलेले रबरी भागही) बदलावेत का, बदलायचे तर रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे, आणि हे काम कोणत्या क्रमाने करावे, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्याकडे जॅक, मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवण्याचे स्टँड), सॉकेटचा संच आणि टॉर्क पाना आहे. हायड्रॉलिक प्रेस नाही.

पोलादी:

आपण लक्षणे वेगवेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. केवळ शॉकअप बदलल्याने यांतली काही मोजकीच लक्षणे जातील, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नीट पाहिले तर कामाचा क्रमही ठरवता येतो.

चेसीखाली तीन वेगळी कामे चालतात. भार पेलण्याचे काम स्प्रिंग आणि पाटे करतात. चाक आणि अ‍ॅक्सल ठरलेल्या जागी धरून ठेवण्याचे काम आर्म, पाट्यांची टोके आणि त्यांच्यातले बुश करतात. स्प्रिंग दबून पुन्हा उसळते तेव्हा ती उसळी शमवण्याचे काम शॉकअप करतो. त्याच्या आतला पिस्टन तेलातून सरकताना तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलले जाते आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. त्यामुळे ज्यांच्या गाडीचा मागचा भाग खाली बसला आहे त्यांनी नवे शॉकअप लावून तो वर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. तो दोष थकलेल्या पाट्यांचा असतो.

आता आपली लक्षणे या तीन कामांवर वाटून पाहा. डोलत राहणे हे सरळसरळ शॉकअपचे लक्षण आहे. ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांवर जो जादा भार येतो तो कोणत्याही शॉकअपने कमी होत नाही, पण तोंड किती वेगाने खाली जाते हे शॉकअपच ठरवतो, म्हणून तेही त्याच्याच खात्यात जाईल. ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढणे मात्र बहुधा खालच्या आर्मच्या बुशमुळे होते: बुश सैल पडलेल्या बाजूचे चाक ब्रेकच्या जोराने मागे सरकते, तेवढ्यापुरते दोन्ही बाजूंचे कोन वेगळे होतात आणि गाडी तिकडे झुकते. अर्थात त्याआधी दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात याची खात्री करून घ्यावी, कारण अडकलेला कॅलिपर किंवा तेलकट झालेले पॅडही हेच लक्षण देतात. निघतानाचा ठोका मी पाट्याच्या पुढच्या टोकातल्या बुशवर धरीन. मागच्या अ‍ॅक्सलची सगळी ढकल त्या एका टोकातून चेसीकडे जाते, आणि तिथे पोकळी झाली असेल तर क्लच सोडताक्षणी धातूवर धातू आदळतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी तपासणी, मग मागची बाजू, मग पुढची बाजू, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे). मागची बाजू आधी घेण्याचे कारण एवढेच, की ते काम तुलनेने सुरक्षित आहे. पुढच्या कॉइल स्प्रिंगबद्दल मी स्वतंत्रपणे लिहीन, कारण तिथे जिवाला धोका आहे.

मोजपट्टी:

पोलादी यांच्या विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घाईत भाग मागवून नंतर भलताच भाग खराब निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

गाडीचा कोपरा हाताने दाबून किती वेळा हलतो ते पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, परंतु ट्रकसाठी ती फारशी भरवशाची नाही. पाटे कडक असतात, त्यांच्या पट्ट्यांमध्ये आपसांतले घर्षणही असते, त्यामुळे माणसाच्या जोराने कोपरा पुरेसा दबतच नाही आणि पूर्ण निकामी शॉकअपसुद्धा चांगला वाटू शकतो. त्यापेक्षा खराब रस्त्यावर थोडे अंतर गाडी चालवून लगेच प्रत्येक शॉकअपच्या नळकांड्याला हात जवळ नेऊन पाहा. काम करणारा शॉकअप गरम झालेला असतो. चौघांपैकी एखादाच गार राहिला असेल, तर त्याने काम केलेले नाही. सायलेन्सरच्या पाइपजवळचा शॉकअप पाहताना मात्र हात भाजू नये याची आणि बाहेरून आलेल्या उष्णतेने फसगत होऊ नये याची काळजी घ्यावी.

तेलाच्या बाबतीत दोन अवस्था वेगळ्या ओळखायला हव्यात. दांड्याच्या सीलपाशी तेलाचा पातळ, धूळ धरलेला थर असणे सामान्य आहे, कारण सीलला वंगण मिळण्यासाठी थोडे तेल दांड्याबरोबर वर येतच असते. नळकांड्यावरून ओघळ खाली आले असतील आणि खालचे टोक ओले असेल, तर तो शॉकअप संपला. याउलट बाहेरून कोरडा दिसणारा शॉकअप चांगलाच असेल असेही नाही. आतल्या झडपा आणि पिस्टनची कडा झिजते तेव्हा बाहेर थेंबही येत नाही.

बुश तपासताना पृष्ठभागावरच्या बारीक भेगांनी घाबरून जाऊ नये. जुने रबर वरून तडकतेच. पाहायचे ते असे: रबर आतल्या किंवा बाहेरच्या धातूच्या नळीपासून सुटले आहे का, आतली नळी छिद्राच्या मध्यभागी आहे की एका बाजूला बसली आहे, आणि जोडाभोवती तांबूस भुकटी साचली आहे का. ती भुकटी म्हणजे धातू धातूवर घासत असल्याचा पुरावा असतो. त्यानंतर लांब पहार आर्म आणि चेसी यांच्यामध्ये घालून बेताने दाबावी. रबर थोडे दबून परत येणे योग्य; मोकळी हालचाल किंवा ‘टक्’ असा आवाज येणे अयोग्य. एका माणसाने ब्रेक दाबून धरून गाडी हलकेच पुढे-मागे ढकलण्याचा प्रयत्न करावा आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर राहून आर्मच्या टोकांकडे पाहावे, म्हणजे कोणता बुश सरकतो ते डोळ्यांना दिसते. हे करताना कोणीही गाडीखाली झोपू नये.

आणखी एक माप अवश्य घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी, स्टिअरिंग अगदी सरळ ठेवून मोजा. दोन्ही बाजूंत स्पष्ट फरक आला, तर मागचा अ‍ॅक्सल तिरका बसला आहे. पाट्याच्या टोकाचा बुश संपल्याने हे होते, आणि पाट्यांचा मधला बोल्ट तुटल्यानेही होते. तो बोल्ट तुटला असेल तर अ‍ॅक्सल केवळ यू-बोल्टच्या (पाटा आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणाऱ्या बोल्टच्या) पकडीवर उभा असतो. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर नेऊ नये.

कच्चारस्ता:

शॉकअपच्या निवडीविषयी लिहितो. साधारणतः दोन प्रकार मिळतात. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये पिस्टन आतल्या नळीत चालतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल राहते. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये एकच नळी असते आणि तरंगता पिस्टन तेलाला दाबाखालच्या नायट्रोजनपासून वेगळे ठेवतो. सलग खडबडीत रस्त्यावर पिस्टन वेगाने खाली-वर होऊ लागला की तेलात बुडबुडे धरतात, फेसाळलेले तेल झडपांतून अडथळ्याविना निघून जाते आणि शॉकअपचा जोर मध्येच नाहीसा होतो. वायूचा दाब हे फेसाळणे रोखतो. एकेरी नळीचा शॉकअप गारही लवकर होतो, कारण तापलेले तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असते. मात्र त्याच कारणाने ती नळी दगड लागून चेपली तर पिस्टन अडकतो. दुहेरी नळीला बाहेरून लहानसा पोचा आला तरी ती चालत राहते. दगडगोट्यांतून ज्यांचे जाणे अधिक, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्रकारापेक्षाही लांबी महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली अशा दोन्ही लांब्या मूळ भागाशी जुळल्या पाहिजेत. कोणी आधी पाटे वाढवून गाडी उंच केली असेल, तर मूळ मापाचा शॉकअप तोकडा पडतो आणि चाक खाली लोंबकळताना सगळा झटका त्याच्या दांड्यावर येतो. उलट शॉकअप जास्त लांब असेल, तर बंपस्टॉपला (चाकाची वर जाण्याची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकण्याआधीच तो आतून तळाला आदळतो आणि थोड्याच काळात फुटतो. त्यामुळे बंपस्टॉप जागेवर आहेत का आणि शाबूत आहेत का, हेही पाहून घ्यावे. जुन्या गाड्यांत ते बहुधा झडून गेलेले असतात.

एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर वळणावर आणि ब्रेक लावताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

वंगण:

बुशच्या बाबतीत मी पॉलियुरेथेनच्या बाजूने मत देईन. ते तेलाने फुगत नाही, लवकर तडकत नाही, आर्मला जागेवर घट्ट धरते आणि त्यामुळे स्टिअरिंग नेमके लागते. शिवाय बहुतेक पॉलियुरेथेन बुश दोन तुकड्यांत येतात आणि हाताने किंवा बाकशिकंज्यात (व्हाइसमध्ये) दाबून बसतात. ज्यांच्याकडे प्रेस नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मी स्वतः बरीच वर्षे हेच वापरत आलो आहे आणि समाधानी आहे.

पोलादी:

वंगण यांचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु त्याला एक मोठी पुरवणी जोडणे आवश्यक आहे. रबराचा चिकटवलेला बुश आणि पॉलियुरेथेनचा बुश यांची काम करण्याची रीतच निराळी आहे. रबराच्या बुशमध्ये बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसते, आतली नळी बोल्टने चेसीच्या कानांमध्ये (बोल्टसाठी छिद्र असलेल्या पट्ट्यांमध्ये) आवळली जाते, आणि मधले रबर दोन्हींना चिकटलेले असते. तिथे काहीही घसरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळले जाते आणि परत येते. म्हणूनच त्याला वंगण लागत नाही आणि आवाजही येत नाही. पॉलियुरेथेनमध्ये मात्र आतली नळी बुशच्या आत फिरते, म्हणजे तिथे खरोखर घासण होते. वंगण सुकले की ते करकरते, आणि धूळ व चिखल आत गेला की झिजते. त्यासाठी बुशबरोबर येणारे किंवा सिलिकॉनवर आधारलेले दाट वंगणच वापरावे आणि अधूनमधून ते नव्याने भरण्याची तयारी ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी, की पाट्याचे टोक केवळ एका अक्षाभोवती फिरत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली असते तेव्हा पाटा थोडा पिळतो, आणि त्या वेळी टोकातल्या बुशने तिरके वाकणे अपेक्षित असते. रबर ते सहज करते. फार कडक पॉलियुरेथेन तो पीळ नाकारते आणि तो जोर पाट्याच्या मुख्य पट्टीवर आणि चेसीच्या कानांवर जातो. माझे मत असे, की ज्या ट्रकने रोजचे काम करायचे आहे त्यात पाट्यांच्या टोकांना आणि आर्मना मूळ प्रतीचे रबर घालावे, आणि पॉलियुरेथेन वापरायचेच असेल तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) बुशना वापरावे. तिथे त्याचा फायदा जाणवतो आणि तोटा जवळजवळ नाही.

वंगण:

पाट्याच्या पिळाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. माझा ट्रक बहुतेक सपाट, डांबरी रस्त्यावर चालतो, त्यामुळे मला त्याचा त्रास झाला नसावा. वंगण मात्र मी नियमित भरतो, आणि ज्यांना ते करणे जमणार नाही त्यांनी रबरच घ्यावे, हे मीही सांगेन.

जड ट्रक असणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडतो. तिथे पाट्यांच्या टोकांना पुष्कळदा रबराऐवजी ब्राँझचे बुश आणि पिन असतात आणि त्यांना ग्रीसचे निपल असते. ग्रीस भरताना चेसी जॅकने उचलून पिनवरचा भार काढावा, कारण भाराखाली पिन ज्या बाजूला दाबून बसलेली असते नेमक्या त्याच बाजूला ग्रीस पोचत नाही, आणि झीजही तिथेच होते.

जुनेचाक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. मागचे दोन्ही शॉकअप प्रवासानंतरही गार होते. पुढच्या उजव्या शॉकअपवरून तेलाचे ओघळ आलेले आहेत. डाव्या पाट्याच्या पुढच्या टोकात रबर जवळजवळ शिल्लकच नाही, नळी एका बाजूला टेकली आहे आणि भोवती तांबूस भुकटी आहे. पुढे डाव्या बाजूच्या खालच्या आर्मचा मागचा बुश पहार लावताच सरळ सरकतो. ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे लागत आहेत. चाकांमधले अंतर डाव्या बाजूला किंचित वेगळे येते, पण मधला बोल्ट शाबूत दिसतो. मूळ प्रतीचे रबरी बुश, चार शॉकअप, नवे यू-बोल्ट आणि टोकांचे नवे बोल्ट मागवले आहेत. मागची बाजू कशी उघडावी?

पोलादी:

यू-बोल्ट नवे मागवलेत हे उत्तम केले. यू-बोल्ट आवळताना ताणले जातात आणि त्या ताणावरच त्यांची पकड असते. एकदा उघडलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चेसी मागच्या बाजूला घोड्यांवर घ्या आणि अ‍ॅक्सलखाली स्वतंत्र जॅक ठेवा, म्हणजे शॉकअप सुटल्यावर अ‍ॅक्सल एकदम खाली लोंबणार नाही. शॉकअप हाच पुष्कळदा अ‍ॅक्सलच्या खाली येण्याची मर्यादा असतो, आणि तो काढला की ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. एका वेळी एकाच बाजूचा पाटा उतरवा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की अ‍ॅक्सल जागेवर राहतो आणि परत बसवताना ओढाताण होत नाही. पाटा परत घालताना मधल्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या खाचेत नीट उतरले आहे हे पाहूनच यू-बोल्ट आवळायला घ्या. चारही नट तिरक्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळा आणि शेवटचे माप गाडीच्या पुस्तिकेतलेच वापरा. धाग्यांना तेल लावून कोरड्या धाग्यांचा टॉर्क दिला तर बोल्ट अपेक्षेपेक्षा जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तिकेत तेलाचा उल्लेख नसेल तर धागे स्वच्छ आणि कोरडे ठेवा.

टोकाचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असण्याची शक्यता दाट आहे. तसे असेल तर बोल्ट फिरवला की रबर पिळते, पण बोल्ट बाहेर येत नाही. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारे तेल मारत राहा. तरीही सुटला नाही, तर त्याच्याशी झटापट न करता बुशच्या दोन्ही बाजूंना, चेसीच्या कानाला धक्का न लावता, करवतीच्या पात्याने बोल्ट कापून काढा. नवा बोल्ट त्याच व्यासाचा, त्याच लांबीचा आणि डोक्यावर तोच दर्जा कोरलेला हवा. १०.९ दर्जाच्या जागी ८.८ चा बोल्ट लावणे मुळीच चालणार नाही.

चौथागिअर:

माझाही असाच ट्रक असल्याने हा धागा बारकाईने वाचत आहे. प्रेस नसताना जुना बुश बाहेर कसा काढावा? अनेकजण गॅसने रबर जाळून टाकतात, ते योग्य आहे का?

मोजपट्टी:

जाळू नये. त्या धुरात विषारी घटक असतात, पेटते रबर ठिबकते आणि तापलेली नळी अचानक बाहेर उडू शकते. शिवाय पाट्याचे पोलाद विशिष्ट उष्णतोपचार केलेले असते. त्याला ज्योत लागली तर त्याची लवचीकता त्या जागी कमी होते आणि पुढे तिथेच तडा जातो.

जाड धाग्याचा दांडा, दोन नट, जाड वॉशर आणि दोन सॉकेट एवढ्या साहित्यात काम होते. एक सॉकेट बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान व्यासाचे घ्यावे, दुसरे त्या नळीपेक्षा मोठ्या आतल्या व्यासाचे. दांडा बुशमधून ओवून नट आवळत गेले की लहान सॉकेट बुशला ढकलते आणि बुश मोठ्या सॉकेटमध्ये उतरतो. बाहेरची नळी गंजून घट्ट बसली असेल तर आधी ड्रिलने रबर पोखरून आतली नळी काढावी, मग हॅकसॉचे पाते आतून घालून बाहेरच्या नळीला एक उभी चीर द्यावी. चीर नळीपुरतीच हवी; आर्मच्या किंवा पाट्याच्या छिद्राला ओरखडा जाता कामा नये. एकदा चीर पडली की नळीचा ताण जातो आणि ती छिन्नीने आत दुमडून निघते.

नवा बुश बसवण्याआधी छिद्र बारीक पॉलिश कागदाने साफ करावे. बुश काही तास फ्रीझरमध्ये ठेवला तर तो किंचित आकसतो आणि सहज आत जातो. वंगण हवे असेल तर साबणाचे पाणी वापरावे, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. जोर नेहमी बाहेरच्या नळीवर द्यावा, आतल्या नळीवर किंवा रबरावर नव्हे. पत्र्याच्या आर्मचे दोन कान असतील तर त्यांच्यामध्ये योग्य लांबीचा पाइपचा तुकडा अडकवावा, नाहीतर दाबताना कान आत वाकतात. काही बुशमध्ये रबराला मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या कोणत्या दिशेला याव्यात हे ठरलेले असते. जुना बुश काढण्यापूर्वी त्याची दिशा आर्मवर खुणेने नोंदवून ठेवावी.

पोलादी:

आता पुढच्या बाजूविषयी. ज्यांनी कॉइल स्प्रिंगचे काम यापूर्वी कोणाबरोबर केलेले नाही, त्यांनी हा भाग जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. खालच्या आर्मवर स्प्रिंग दाबून बसलेली असते, आणि बॉल जॉइंट किंवा आर्मचा बोल्ट सुटताच ती सगळी ताकद एका क्षणात मोकळी होऊ शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नीट बसवल्याशिवाय आणि खालच्या आर्मखाली जॅकचा भक्कम आधार दिल्याशिवाय एकही जोड उघडू नये, आणि स्प्रिंगच्या रेषेत शरीराचा कोणताही भाग ठेवू नये. पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असणाऱ्यांनी समायोजक बोल्ट सैल करण्यापूर्वी त्याचे बाहेर राहिलेले धागे मोजून लिहून ठेवावेत. डाव्या-उजव्या बारची अदलाबदल होणार नाही हेही पाहावे, कारण ते वेगवेगळ्या दिशांना पिळण्यासाठी बनवलेले असतात.

आर्मच्या बोल्टांवर अंडाकृती कॅम वॉशर असतील तर सोडण्याआधी त्यांची स्थिती रंगाने खुणावून घ्या. ती खूण अलाइनमेंटची जागा घेत नाही, पण अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ नेण्यास पुरते.

यानंतरची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना कधीही शेवटपर्यंत आवळू नयेत. वर लिहिल्याप्रमाणे तिथे काही घसरत नाही. लोंबत्या स्थितीत आतली नळी आवळली, तर ती स्थिती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते, आणि गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाऊन तसेच राहते. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का मग आधीच पिळलेल्या रबरावर पडतो आणि नवा बुश फार लवकर फाटतो. ‘नवीन माल पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांच्या गाडीत हेच झालेले असते, असे मला वाटते. बोल्ट हाताने लागतील एवढेच ठेवा, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर येऊ द्या, पुढून आणि मागून थोडे हलवून तिला बसू द्या, आणि मग आवळा.

जुनेचाक:

मागची बाजू पूर्ण झाली. निघतानाचा ठोका बंद झाला आहे. डाव्या टोकाचा बोल्ट शेवटी कापावाच लागला. पुढचा भाग मी एका अनुभवी मिस्त्रींबरोबर करत आहे. एक अडचण आहे: गाडी जमिनीवर असताना पुढच्या आर्मच्या बोल्टांपर्यंत टॉर्क पाना पोचत नाही. मग वजन चाकांवर ठेवून आवळायचे कसे?

मोजपट्टी:

काम उघडण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजून ठेवलेले असावे. जमिनीपासूनचे अंतर घेऊ नये, कारण टायरमधल्या हवेने ते बदलते. नंतर चाक काढलेले असले तरी हरकत नाही: खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून हब वर उचलत जावे, आणि हबचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर नोंदलेल्या मापाइतके झाले की तिथेच थांबून बोल्ट आवळावेत. त्या क्षणी चेसी घोडीवरून किंचित उचलली जात नाही ना, हे पाहावे. उचलली जात असेल तर हे घरी न करता चारही चाकांवर उभी राहणारी लिफ्ट जिथे आहे तिथे करून घ्यावे.

कच्चारस्ता:

शॉकअप बसवतानाच्या दोन बारकाव्यांची आठवण करून देतो. दुहेरी नळीचे शॉकअप आडवे ठेवलेले असतात, त्यामुळे आतल्या नळीत वायू शिरलेला असतो. बसवण्यापूर्वी शॉकअप बसवायच्या स्थितीत उभा धरून काही वेळा पूर्ण ओढावा आणि दाबावा, हालचाल सलग आणि एकसारखी जड लागेपर्यंत. वरचा नट आवळताना दांडा फिरू लागला तर चकचकीत भागावर पकड कधीही लावू नये. तिथे पडलेला एक ओरखडा प्रत्येक फेरीला सील कापत राहतो. टोकाला पान्यासाठी सपाट बाजू दिलेल्या असतात, त्यांनाच धरावे. वरच्या रबरी चकत्या वॉशरच्या कडेइतक्या फुगल्या की पुरे. त्यापुढे आवळले तर त्या चिरतात.

जुने वायूचे शॉकअप कापू, तापवू किंवा ठोकू नयेत. त्यांच्यात दाब शिल्लक असतो.

जुनेचाक:

पुढचे काम आणि अलाइनमेंट दोन्ही पूर्ण झाले. मापे आधीच घेऊन ठेवली असल्याने मोजपट्टी यांच्या पद्धतीने बोल्ट आवळता आले. चेसी घोड्यांवरून उचलली गेली नाही. डावीकडे ओढणे पूर्णपणे थांबले आहे, खड्ड्यानंतर मागचा भाग एकदाच बसतो आणि स्थिर होतो. दोन्ही बाजूंचे चाकांमधले अंतर आता सारखे येते.

एक आवाज मात्र राहिला आहे: विशिष्ट वेगाला पुढून घुंग असा नाद येतो आणि वेग वाढला की तो चढतो. नवीन काही सैल राहिले असेल का?

मोजपट्टी:

आपण पहिल्या लेखात टायरांवरच्या उंचवट्यांचा उल्लेख केला होता. बहुधा तोच आवाज आहे. शॉकअप निकामी असताना चाक रस्त्यावर उड्या मारत चालते आणि टायर टप्प्याटप्प्याने खरवडला जातो. नवे शॉकअप पुढची झीज थांबवतील, झालेली झीज भरून काढणार नाहीत. पुढचे टायर मागे लावून पाहा. आवाज मागे गेला, तर कारण टायरच आहे. आवाज पुढेच राहिला आणि वळताना कमी-जास्त होत असेल, तर व्हील बेअरिंग तपासा.

पोलादी:

त्याबरोबर काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवीन यू-बोल्ट आणि पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर बसतात तेव्हा सुरुवातीची पकड थोडी कमी होते. आर्मचे बोल्टही त्याच वेळी पाहून घ्या, आणि हेडलाइटची दिशाही, कारण पुढची उंची थोडीशी बदललेली असू शकते.

जुनेचाक:

टायर मागे लावले आणि आवाजही मागे गेला. यू-बोल्टचे नट पुस्तिकेतल्या मापापर्यंत थोडे फिरले. आर्मचे बोल्ट हलले नाहीत. हेडलाइट किंचित वर गेलेले होते, ते खाली घेतले. टायर पुढच्या बदलापर्यंत मागेच ठेवतो.